चौघांचा परवाना

९ जानेवारी

सकाळी मिलेनाचा ई-मेल आला. ही बाई कुठल्याशा बर्फाच्या देशात बसून आमच्यासारख्यांची पॅकेजेस तपासते आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या मोठ्या भांडारात घेते. सहा वर्षांत तिने एक शब्द जास्तीचा लिहिलेला नाही. आजही चारच ओळी, ‘वायना’बद्दल, म्हणजे न दिसणाऱ्यांना पडद्यावरचं मल्याळम वाचून दाखवणाऱ्या आमच्या पॅकेजबद्दल. ‘वायना’मधला मूळ वाचणारा आवाज ज्याने बनवला त्याचा परवाना फायलीत आहे, पण तुमच्या पॅकेजिंगचा परवाना कुठे आहे? तो नसेल तर ते काम कुणालाही वापरता किंवा वाटता येत नाही. २८ फेब्रुवारीपर्यंत द्या, नाहीतर पुढच्या आवृत्तीतून वायना काढावं लागेल.

एकतीस वर्षं मी गणित शिकवलं. उत्तरापुढे एकक लिहिलं नाही म्हणून पोरांचा अर्धा गुण कापत आले. आज माझ्या पेपरावर नावसुद्धा नाही.

आमचे हे, आलविक्का, अंगणात विड्याच्या वेलींना पाणी घालत होते. त्यांना सांगितलं.

"म्हणजे नऊ वर्षं तुम्ही लोकांना फुकट वाटत होतात, आणि वाटायची परवानगीच नव्हती?"

"आपल्या वस्तूची परवानगी आपणच द्यायची असते. ती लिहून दिली नाही."

"मग दे लिहून. पेन हवंय का?"

"वस्तू माझ्या एकटीची नाही हो."

सॉफ्टवेअर दुसऱ्याचं होतं. ते मल्याळम नीट वाचावं आणि कुठल्याही मशीनवर एका आज्ञेत बसावं, म्हणून लागणारी सगळी जोडणी, दुरुस्त्या, शब्दांच्या याद्या, हे पॅकेजिंग आम्ही चौघांनी केलं. पावलोस माश, म्हणजे पावलोस मास्तर, जे रसायन शिकवता शिकवता संगणकाकडे वळले. मी. माझा जुना विद्यार्थी लिजीश. आणि तंकमणी, जी तालुका कचेरीत टेलिफोनवर बसते आणि जन्मापासून पाहू शकत नाही. परवान्यासाठी चौघांची संमती लागणार. माश जाऊन चार वर्षं झाली. लिजीशशी मी बोलत नाही.

"लिजीशच्या मुलीला आता साडेतीन पूर्ण झाली असतील," इक्का वेलीकडे बघत म्हणाले.

लोकांच्या मुलांची वयं मोजायचा यांना काय छंद आहे कोण जाणे.

१२ जानेवारी

दिवसभर परवाने वाचले. शेकडो आहेत, पण कामाचे दोनच प्रकार. एक म्हणतो: न्या, वाटेल ते करा, विका सुद्धा, फक्त आमचं नाव पुसू नका. दुसरा म्हणतो: न्या, वाटेल ते करा, पण त्यातून जे नवं कराल तेही लोकांना असंच मोकळं द्या. पहिला मोकळा, दुसरा कडक.

मूळ आवाजवाल्याचा परवाना मोकळा आहे. जाणते लोक सांगतात, पॅकेजिंगलाही तोच लावा, म्हणजे तुमच्या दुरुस्त्या त्याला परत घेता येतील. पटतं. पण माझं मन कडकवर आहे, आणि त्याचं कारण इथे लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कुणाला मी ते धड सांगत नाही.

चार वर्षांपूर्वी कोचीच्या एका कंपनीने फोनवर वाचून दाखवणारं ॲप काढलं. वर्षाला पैसे भरायचे. तंकमणीने हौसेने भरले. पहिल्याच दिवशी तिने फोन केला. "टीचर, हे ॲप ‘चक्करक्कुट्टी’ बरोब्बर म्हणतं." ‘चक्करक्कुट्टी’ हे तिच्या मांजरीचं नाव. गंमत म्हणून तिने ते आमच्या यादीत घातलं होतं. तिचे नऊशे शब्द, एकेक कानाने तपासून बसवलेले, कंपनीने उचलले होते आणि तिलाच विकले होते. आणि त्या कंपनीत लिजीश नोकरीला होता.

त्या वर्षी त्रिशूरच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या मेळाव्यात मी त्याला सगळ्यांसमोर चोर म्हटलं. शेजारी त्याची बायको उभी होती, सातवा महिना लागलेली. तो खुर्चीवरची पिशवी उचलून गेला.

मला त्याचं काही वाटत नाही. फक्त पत्तिरी, तांदळाच्या पातळ भाकऱ्या, केल्या की हात चुकून जास्त पीठ घेतो. शनिवारी माशांच्या घरी जमायचो तेव्हा तो एकटाच चौदा खायचा.

१३ जानेवारी

ठरवलं. लिजीशला विचारायचंच नाही. त्याचा भाग काढून मी स्वतः नव्याने लिहीन. अकरा दुरुस्त्या आहेत. अकरा म्हणजे काही शंभर नव्हेत.

२० जानेवारी

अकरापैकी सात जमल्या. उरलेल्या चार ‘ऴ’च्या आहेत. आमच्या भाषेचा जीवच त्या अक्षरात, आणि मशीनला त्यातलं ओ की ठो कळत नाही. लिजीशने ते कसं बसवलं होतं ते मी बघत नाहीये. बघितलं तर नक्कलच होईल.

२५ जानेवारी

चाचणी आवृत्ती म्हणून चढवलं आणि तंकमणीकडे नेऊन ऐकवलं. जेवणाच्या सुट्टीत, कचेरीच्या मागच्या बाकावर. तिने डबा बाजूला ठेवला आणि कानात इअरफोन घातले. दहा मिनिटं हलली नाही.

"टीचर, केळ्याचं पऴम आहे ना, ते पलम झालंय. पावसाची मऴा पडत नाही, डोंगराची मला पडते. हा आमच्या नव्या साहेबांसारखा बोलतो. दिल्लीहून आलेत ते."

"अजून दोन आठवडे दे. जमवते."

"कशाला? जमलेलं आहे ना आधीचं?"

ती डब्याचं झाकण चाचपत म्हणाली, "उन्हाळ्यात सगळ्या कचेऱ्यांच्या मशीनवर नवी आवृत्ती चढवणार आहेत. कालच परिपत्रक आलं. आता टेलिफोनचा बोर्डसुद्धा संगणकावर आहे. कुणाचा फोन आला, कुठे जोडायचा, सगळं मला हा आवाज सांगतो. तो नसला तर ते मला काढणार नाहीत. सरकारी नोकरी आहे. एका खुर्चीवर बसवून ठेवतील आणि पगार देतील."

थोडं थांबून म्हणाली, "मला ते नकोय. त्याला फोन करा."

मी म्हटलं, आधी माशांचं बघते.

२८ जानेवारी

माशांचं लग्न झालेलं नव्हतं. वकिलांना विचारलं, त्यांच्या कामाचा हक्क वारसाकडे जातो. वारस एकच, धाकटी बहीण. ती वायनाडमध्ये मानंतवाडीच्या पुढे एका मठात नन आहे, सिस्टर रोसिली. दोन वेळा फोन केला, दोन्ही वेळा सिस्टर गोठ्यात आहेत असं कळलं.

इक्का म्हणाले, "नाहीतरी मला मिरीची रोपं आणायला वायनाडला जायचंच होतं. रविवारी गाडी काढू."

यांना मिरी कधीपासून लावायची होती, मला ठाऊक नाही.

२ फेब्रुवारी

आजचा दिवस नीट लिहून काढते.

घाट चढून अकराला पोचलो. मठ छोटा, मागे कॉफीची बाग. सिस्टर रोसिली गोठ्यातून थेट आल्या, झग्याच्या बाह्या कोपरापर्यंत. चौऱ्याहत्तर वय, हनुवटी थेट माशांची. हात धुऊन आमच्यासमोर बसल्या. त्यांनी काळी कॉफी आणि अवलोसचे लाडू मागवले. इक्का एक लाडू उचलून रोपं बघायला म्हणून बाहेर गेले.

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "टीचर, मी सही करू शकत नाही. मी गरिबीचं व्रत घेतलंय. माझ्या नावावर इथली एक गायसुद्धा नाही. थोरला भाऊ, आमचा चेट्टन, गेला तेव्हा त्याचं घर मी चर्चला लिहून दिलं आणि मोकळी झाले. जे माझं नाहीच, ते देऊन टाकायची परवानगी मी कशी देऊ?"

"सिस्टर, कायद्याने ते तुमचंच आहे. तुम्ही घेतलं नाही तर ते कुणाचंच होत नाही, आणि कुणालाच देता येत नाही. देण्यापुरतं तरी घ्यावं लागेल."

त्या उठल्या, मदरांना विचारायला आत गेल्या. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. पंधरा मिनिटांनी परत आल्या.

"मदर म्हणाल्या, त्यातून मिळकत नसेल तर हरकत नाही. पण आधी मला सांगा, चेट्टन त्या यंत्रावर करायचा काय? मला तो पत्रात फक्त पाऊस किती पडला ते लिहायचा."

मी लॅपटॉप उघडला. आवाज ऐकवावा म्हणून आणला होता, पण त्यांना फायली बघायच्या होत्या. आज्ञांच्या ओळी त्यांना कळणाऱ्या नव्हत्या. पण माशांना मधेमधे टिपा लिहायची सवय होती, मल्याळममध्ये. त्या एकेक वाचू लागल्या.

‘ही ओळ काढू नये. का चालते ते मला माहीत नाही.’

‘इथे दोन वर्षं चूक होती. माझीच.’

‘टीचर म्हणतात हे लांबलचक आहे. बरोबर आहे, पण आज बदलत नाही.’

‘भात उतू गेला. उरलेलं उद्या.’

इथे त्या हसल्या. मग त्याच ओळीवर बोट ठेवलं.

"तो भात स्वतःपुरता करायचा का?"

"नाही. शनिवारी आम्ही चौघं असायचो. माश भात आणि मासे करायचे. तिखट फार घालायचे."

"आईसारखं," त्या म्हणाल्या. "मी इतकी वर्षं प्रार्थनेत म्हणत होते, माझ्या एकट्या भावाला सोबत दे. कुणीतरी सांगायचं ना मला."

मग मी दोन कागद समोर ठेवले, एक मोकळा आणि एक कडक, आणि दोन्हींचा अर्थ सांगितला. कडकवर सही व्हावी म्हणून तो वर ठेवला होता. कंपनीची गोष्टही सांगितली, जरा रंगवूनच.

सिस्टरांनी शांतपणे ऐकलं. "आमच्या चेट्टनच्या छत्र्या तुम्ही पाहिल्यात का? स्टँडवर कुणी भिजताना दिसलं की छत्री देऊन टाकायचा. आतल्या कापडावर पांढऱ्या रंगाने नाव घातलेलं असायचं. आई म्हणायची, नाव घालून काय उपयोग, परत कुठे येतेय? तो म्हणायचा, परत यायला नाही, कुणी विचारलं कुणाची, तर सांगता यावं म्हणून."

त्यांनी खालचा कागद ओढला. मोकळा.

मी म्हणायला तोंड उघडलं, पण काय म्हणणार? भाऊ त्यांचा.

पेन हातात घेऊन त्या थांबल्या. "सही करेपर्यंत हे माझं आहे ना?"

"हो."

"मग जरा थांबा. सोळाव्या वर्षी इथे आले. तेव्हापासून आज पहिल्यांदा काहीतरी माझं आहे. कॉफी संपेपर्यंत असू द्या."

त्यांनी कागद मांडीवर ठेवला आणि कॉफी घोट घोट, सावकाश प्यायली. मग सही केली आणि म्हणाल्या, "नाव त्याचंच लिहा. माझं कुठे घालू नका."

परतताना घाटात मी इक्कांना विचारलं, रोपं कुठायत? म्हणाले, चांगली नव्हती.

४ फेब्रुवारी

सिस्टरांचा कागद कपाटात ठेवलाय आणि सारखा काढून बघतेय. माशांनी सगळ्यात जास्त काम केलं. त्यांचं मोकळं झालं. मग मी कोण कडक लावणारी? पण मोकळं म्हणजे उद्या पुन्हा कुणी कंपनी येईल, नाव लहान अक्षरात घालेल आणि तंकमणीला तिचेच शब्द विकेल. बीजगणितात दोन उत्तरं आली की एक बहुतेक वेळा खोटं असतं. इथे दोन्ही खरी वाटतात.

७ फेब्रुवारी

परवान्याबद्दल पूर्वी काही बोलणं झालं होतं का, ते बघायला जुने मेल काढले. नसते काढले तर बरं झालं असतं असं दुपारपर्यंत वाटत होतं. आता तसं वाटत नाही.

लिजीशचे दोन मेल सापडले. पहिला सात वर्षांपूर्वीचा: ‘टीचर, आपण परवान्याची फाइल घालू या. नावं पण घालू या, चौघांची. नाहीतर उद्या अडचण होईल.’ त्याला माझं उत्तर: ‘आपल्यात कशाला रे कागदपत्रं? आपण काय वाटणीला बसलोय?’ दुसरा मेळाव्याच्या पाच महिने आधीचा: ‘टीचर, आमच्या ऑफिसात आपली यादी दिसली. मी विचारलं, तर म्हणाले यावर ना नाव आहे ना परवाना, कुणाची ते दाखव. कृपया आजच फाइल घाला, म्हणजे मला दाखवता येईल.’

या मेलला मी उत्तरच दिलं नव्हतं. त्या आठवड्यात माशांना दवाखान्यात ठेवलं होतं. मी तो वाचला होता की नाही, आठवत नाही. वाचला असणार. शेजारी उघडल्याची खूण आहे.

८ फेब्रुवारी

फोन केला नाही.

९ फेब्रुवारी

आजही नाही. कपडे वाळत घातले, कपाट आवरलं. इक्कांनी न विचारता माझ्या वहीवर एक चिठ्ठी ठेवली, लिजीशचा नवा नंबर. पालक्काडचा. आखातात राहून आलेल्या माणसांकडे साऱ्या जगाचे नंबर असतात.

११ फेब्रुवारी

सकाळी दहाला केला. तिसऱ्या घंटेला उचलला.

"टीचर."

नंबर बघून ओळखलं असणार. मी काय काय पाठ केलं होतं ते विसरले. सरळ म्हटलं, "तुझे दोन मेल सापडले."

दुसरंही लगेच सांगून टाकलं.

"मी तेव्हा उत्तर दिलं नाही."

"माश आजारी होते तेव्हा."

"ते कारण आहे. उत्तर नव्हे."

पलीकडे हसल्यासारखं वाटलं. "गणिताच्या पेपरात तुम्ही असंच लिहायचात लाल शाईने."

"कंपनीने उचललं तेव्हा तू काय केलंस?"

"साहेबांना म्हटलं, काढा. ते म्हणाले, ज्याचं आहे त्याला येऊ दे. परवाना नाही म्हणजे कुणालाच घ्यायचा हक्क नाही, हे वकिलाला कळतं, टीचर. कंपनीला एवढंच कळतं की दारात कुणी उभं नाही. मेळाव्यानंतर महिन्याभरात मी नोकरी सोडली. आता इथे एका शाळेचं संगणकांचं काम बघतो."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत का?"

मग त्यानेच विचारलं, "मऴा कशी चाललीय? मध्ये नवी चाचणी आवृत्ती आली तिच्यात मला पडत होती." म्हणजे हा अजून प्रत्येक आवृत्ती उतरवून ऐकतो.

मी परवान्याचं सांगितलं. तो लगेच म्हणाला, "कडक. दुसरा काही नाही. मी आतून बघून आलोय."

म्हणजे आता माझा विद्यार्थी माझ्याच जुन्या बाजूला आहे आणि मी माशांच्या. रविवारी या म्हटलं, सगळे बसून ठरवू. येतो म्हणाला.

फोन ठेवून स्वयंपाकघरात आले तर इक्कांनी तांदळाचं पीठ बाजारातून आणूनच ठेवलेलं. रविवारला अजून पाच दिवस आहेत.

१६ फेब्रुवारी

दुपारी आले, लिजीश, त्याची बायको बिंसी आणि मुलगी. मुलगी दारातून धावत थेट इक्कांच्या मांडीवर चढली आणि त्यांच्या खिशात हात घालून खडीसाखर काढली. आमची तर पहिलीच भेट. मुलांना हे कसे इतके लगेच आवडतात, मला आजवर कळलेलं नाही.

तंकमणी आधीच आली होती. सगळे बसले. मी उभीच राहिले, वर्गात उभी राहायचे तशी. "बिंसी, लिजीश, मी त्या दिवशी चारचौघांत बोलले. ते चूक होतं. आज चारचौघांत परत घेते."

बिंसी म्हणाली, "टीचर, हा तेव्हापासून पत्तिरी खात नाही. मला करायला येत नाही म्हणून नव्हे. खातच नाही."

"आज खाईल," इक्का म्हणाले आणि आत गेले.

मग खरा वाद झाला. लिजीश म्हणे, सगळ्याला कडक परवाना. मी म्हणे, माशांचा भाग मोकळा झालाय, सगळंच तसं असू दे.

"टीचर, तुम्ही छत्रीची गोष्ट ऐकून विरघळलात."

"आणि तू कंपनीवरच्या रागाने आळलास."

"राग नाही. तंकमणीचेच शब्द तिला विकले त्यांनी."

"म्हणून काय मूळ आवाजवाल्याला तुझी ऴ द्यायची नाही? तमिळवालेही तोच आवाज वापरतात. त्यांच्याकडे काय ऴ नाही?"

"तंकमणीच्या हिताचं बोलतोय मी."

"मी पण तिच्याच."

तंकमणीने चहाचा पेला खाली ठेवला. जरा जोरातच. "दोघंही माझ्या हिताचं बोलताय. छान. नऊशे शब्द माझे. मला कुणी विचारलं का?"

खरंच, नऊ जानेवारीपासून आजपर्यंत मी तिला सगळं सांगितलं होतं. विचारलं काहीच नव्हतं.

"लिजीश, तुझी ऴ तमिळवाल्यांना मिळाली तर तुझं काय जातं?"

"काही नाही."

"मग ती मोकळी सोड. माशांसारखी. ती एकदाच बसवायची गोष्ट आहे, बसली की झालं. माझी यादी तशी नाही. भाषा रोज नवे शब्द आणते. मागच्या वर्षी रोगांची नावं आली, या वर्षी योजनांची. त्या कंपनीने माझे शब्द नेले याचा राग मला नव्हताच."

"पैसे घेतले ना त्यांनी," मी म्हटलं.

"घेतले तर घेतले. त्यांनी त्यात चारशे नवे शब्द घातले होते, टीचर. चांगले, बरोबर उच्चारलेले. ते त्यांनी कुलपात ठेवले. वर्ष संपलं तशी मी पैसे भरायचं थांबवलं, आणि ते शब्द माझ्या मशीनवर पुन्हा चुकायला लागले. मला त्याचा राग आला. माझी यादी न्या, विका, काय हवं ते करा. पण तीत भर घातलीत तर ती मला परत ऐकवा. असा परवाना आहे का?"

लिजीश हळूच म्हणाला, "आहे. कडक म्हणतो तो हाच."

"मग यादीला तो. बाकी सगळ्याला छत्री."

एका पॅकेजात दोन परवाने चालतात. कुठल्या फायलीला कुठला, ते नीट लिहिलं की झालं. मी एकतीस वर्षं शिकवलेली बाई, लिजीश आतून बघून आलेला, आणि आम्हा दोघांना हे सुचलं नव्हतं. चार वर्षं मी तिच्या वतीने रागावले होते, तेही चुकीच्या गोष्टीवरून.

लिजीशने सतरा पत्तिरी खाल्ल्या. मी मोजत नव्हते, त्याची मुलगी मोजत होती.

२० फेब्रुवारी

परवान्याची फाइल लिहिली. मी नव्याने लिहिलेल्या सात दुरुस्त्या काढून टाकल्या, लिजीशच्या परत घातल्या. त्याच्या जास्त सुटसुटीत आहेत. नावं लिहिताना प्रश्न पडला, क्रम काय लावायचा. लिजीश फोनवर म्हणाला वर्णानुक्रम. मी म्हटलं, कामाच्या क्रमाने. पावलोस, तंकमणी, लिजीश, मग मी. तो वाद घालणार होता, पण मी फोन ठेवला. नावं मल्याळममध्येही लिहिली, म्हणजे मशीनला वाचता येतील.

२१ फेब्रुवारी

पाठवलं.

२४ फेब्रुवारी

मिलेनाचं उत्तर नाही. आठवडाभरावर रमजान आलाय. घरात ननच्चुकुळी सुरू केली. खुर्च्या, पाट, चटया सगळं अंगणात धुऊन काढायचं. इक्का पाण्याचा पाइप धरतात आणि मला सोडून सगळ्याला पाणी लावतात, मग चुकून मला.

लिजीशने विचारलं, उत्तर आलं का. तंकमणीनेही विचारलं. दोघांना सांगितलं, तुमच्याआधी मी बघणार आहे, सारखं विचारू नका. मग दर अर्ध्या तासाने बघत बसले.

२७ फेब्रुवारी

आलं. तीन ओळी. ‘परवान्याची फाइल नीट आहे. दोन परवान्यांची विभागणी स्पष्ट आहे. वायना पुढच्या आवृत्तीत घेतलं आहे.’ आणि खाली, सहा वर्षांत पहिल्यांदा, एक जास्तीची ओळ: ‘यादीतली मांजर कशी आहे?’

म्हणजे ही बाई यादी वाचते. मल्याळम येत नाही तरी वाचते. तिला लिहिलं, मांजर म्हातारी झाली आहे, पण बरी आहे.

सिस्टर रोसिलींना मठात फोन केला. गोठ्यातच होत्या. निरोप ठेवला.

संध्याकाळी चारला तंकमणीचा कचेरीतून फोन. नवी आवृत्ती तिने आजच चाचणीसाठी घातली होती आणि परवान्याची फाइल आवाजाला वाचायला लावली होती. "ऐका टीचर," म्हणत तिने फोन मशीनजवळ धरला. आवाजाने सगळी फाइल सपाट सुरात वाचली. कोणत्या फायली मोकळ्या, कोणती यादी कडक, कोणाची कोणती वर्षं. पावलोस. तंकमणी. लिजीश. आणि मग शेवटी, ‘नप्-हीसा’.

तंकमणी हसायलाच लागली. "फळातला फ लावला त्याने. नऊ वर्षांत तुमचं नाव या मशीनने कधी वाचलंच नव्हतं हो. माझ्या कानावरच आलं नाही. आम्ही सगळे टीचर म्हणतो, फायलीत टीचर, मेलमध्ये टीचर. थांबा, ठेवू नका."

कळफलकाची टकटक ऐकू येत राहिली. मधूनच कुणीतरी तिला कलेक्टर ऑफिस जोडून द्यायला सांगितलं. ते तिने जोडून दिलं, पुन्हा टकटक. पहिल्यांदा मशीन म्हणालं नाफिसा. मग नफिसा. तिसऱ्यांदा काहीतरी तिसरंच. मी अंगणात ओल्या खुर्चीवर फोन कानाला लावून बसले होते. इक्का दोरीवर चटई टाकत होते.

चौथ्यांदा मशीन म्हणालं, "नफीसा."

मी ओ दिली.